पहिला खेळ कुठे? स्वतंत्र मराठी चित्रपट महोत्सवांकडे पाठवण्याची रीत

दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास मराठी चित्रपटाच्या कान्सवारीची एखादी तरी बातमी छापून येते आणि त्या बातमीत बहुतेक वेळा नेमका एकच तपशील गाळलेला असतो: चित्रपट कान्समध्ये कोणत्या विभागात दाखवला गेला. कान्सला त्या दिवसांत दोन वेगवेगळे व्यवहार शेजारी शेजारी चालतात. एक महोत्सव, ज्यातील चित्रपट निवडून घेतले जातात. आणि दुसरा १९५९ पासून भरणारा चित्रपटांचा बाजार, म्हणजे मार्शे द्यू फिल्म, जिथे भाडे भरून कोणत्याही निर्मात्याला आपला खेळ लावता येतो. महाराष्ट्र शासनानेही निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवले आहेत. बाजारात जाण्यात कमीपणा मुळीच नाही, कारण खरेदीदार आणि चित्रपटाचे हक्क विकून देणारे विक्री प्रतिनिधी तिथेच भेटतात. परंतु ती महोत्सवातील निवड नव्हे आणि परदेशातील कोणताही प्रोग्रॅमर, म्हणजे महोत्सवासाठी चित्रपट निवडणारा, तिला तसे मानत नाही. २०२४ साली पायल कपाडिया यांचा चित्रपट कान्सच्या मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला ग्रां प्री, म्हणजे तिथले दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक, मिळाले, तेव्हा बातमीत विभागाचे नाव ठळक होते. ज्या बातमीत ते नसते, तिथे वाचकाने थोडे थांबावे.

हा लेख ज्यांचा पहिला किंवा दुसरा चित्रपट सध्या संकलनाच्या टेबलावर आहे, अशा दिग्दर्शक-निर्मात्यांसाठी आहे. एका महोत्सवाच्या पहिल्या चाळणीसाठी आलेल्या प्रवेशिका पाहण्याचे काम मी काही काळ केले आहे आणि त्या अनुभवातून एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ ही निर्मात्याची एकदाच खर्च करता येणारी पुंजी आहे, आणि बहुतेक स्वतंत्र निर्माते ती घाईने, एखाद्या परिचिताच्या आग्रहाखातर खर्चून टाकतात.

संकलन सुरू असतानाच

महोत्सवांचा विचार चित्रपट पूर्ण झाल्यावर करायचा, हा समज आधी सोडून द्यावा. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो. २००७ पासून चालत आलेल्या आणि आता ‘वेव्हज फिल्म बाजार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाजारात ‘वर्क इन प्रोग्रेस लॅब’ असते. तिथे मोजक्या चित्रपटांचे कच्चे संकलन परदेशी संकलक, समीक्षक आणि महोत्सवांशी संबंधित मंडळी पाहतात आणि त्यावर सविस्तर बोलतात. याशिवाय ‘व्ह्यूइंग रूम’ असते, ज्यात बाजाराला आलेले प्रोग्रॅमर आपापल्या संगणकावर बसून चित्रपट पाहतात. महोत्सवांना सर्वसाधारण वाटेने हजारो प्रवेशिका येतात आणि त्या ढिगात आपला चित्रपट बिननावाचा असतो. इथे मात्र चित्रपटाला एक चेहरा मिळतो. नंतर तोच चित्रपट रॉटरडॅमला किंवा बर्लिनला गेला, की तिथे निदान एकाला तरी त्याचे नाव आठवते.

पटकथेच्या टप्प्यावर असणाऱ्यांनी रॉटरडॅम महोत्सवाशी जोडलेल्या ह्यूबर्ट बाल्स फंडाकडेही पाहावे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला पटकथेसाठी या निधीचे साहाय्य मिळाले होते. रकमेपेक्षा अशा निधीचे वजन अधिक असते, कारण ते नाव श्रेयनामावलीत दिसले की पुढचा पाहणारा थोडा सावरून बसतो.

प्रीमियरचा हिशेब

प्रीमियरच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. जगात कुठेही झालेला पहिला जाहीर खेळ म्हणजे जागतिक प्रीमियर. मायदेशाबाहेरचा पहिला खेळ म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रीमियर. त्याखाली खंडाचा आणि मग त्या त्या देशाचा. व्हेनिसच्या स्पर्धेला जागतिक प्रीमियरच लागतो. इतर मोठे महोत्सव विभागानुसार सवलत देतात, परंतु त्यांच्याही मुख्य विभागांत आधी दुसऱ्या परदेशी महोत्सवात दाखवलेला चित्रपट सहसा घेतला जात नाही.

इथे आपल्याकडे नेहमी होणारी गफलत सांगायला हवी. कलाकार, तंत्रज्ञ आणि त्यांच्या घरच्यांसाठी केलेला बंद दाराआडचा खेळ प्रीमियर मानला जात नाही. सेन्सॉर प्रमाणपत्र घेतल्यानेही प्रीमियर खर्च होत नाही. मात्र तालुक्याच्या गावी एखाद्या संस्थेने भरवलेल्या ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सवातील, पत्रिका छापून केलेला खेळ हा जागतिक प्रीमियर ठरतो, मग सभागृहात वीस जण का असेनात. चित्रपट काही दिवसांसाठी यूट्यूबवर सर्वांना खुला ठेवला असेल, तरीही तेच. आणि हे लपवून ठेवू नये. कार्यक्रमपत्रिका इंटरनेटवर कायमच्या राहतात आणि प्रोग्रॅमर निवडीआधी चित्रपटाचे नाव शोधून पाहतातच.

वर्षाचे चक्र साधारण असे फिरते. जानेवारीत सनडान्स आणि महिनाअखेरीस रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान्स, ऑगस्टमध्ये लोकार्नो, ऑगस्टअखेर व्हेनिस, सप्टेंबरमध्ये टोरांटो, त्याच्या आगेमागे बुसान, नोव्हेंबरमध्ये गोव्याची इफ्फी, डिसेंबरमध्ये तिरुवनंतपुरमचा केरळ महोत्सव आणि जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ. प्रवेशिकेची मुदत महोत्सवाच्या काही महिने आधी संपते, त्यामुळे जूनमध्ये संकलन संपलेल्या चित्रपटाने आधी सनडान्स, रॉटरडॅम आणि बर्लिनकडे पाहावे. जानेवारीत संपलेल्याने कान्स आणि त्यानंतरच्या शरद ऋतूतील महोत्सवांकडे. प्रत्येक दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाचा विभागही ओळखायला हवा. मुलांच्या नजरेतून सांगितलेल्या ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनच्या जनरेशन विभागात बालपरीक्षकांचे क्रिस्टल बेअर मिळाले, ‘कोर्ट’ त्याच वर्षी व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात गेला आणि तिथे सर्वोत्कृष्ट ठरला. हे दोन्ही चित्रपट मुख्य स्पर्धेत नव्हते आणि त्यामुळे त्यांचे काहीही बिघडले नाही. उलट मुख्य स्पर्धेतील मोठ्या नावांच्या गर्दीत पहिला चित्रपट हरवण्याचीच शक्यता अधिक असते.

अर्ज एकाच वेळी अनेक ठिकाणी करता येतो. होकार मात्र एकालाच द्यायचा असतो. आता समजा मध्यम दर्जाच्या एका महोत्सवाचे निमंत्रण आले आहे आणि ज्याची खरी आस आहे, त्या मोठ्या महोत्सवाचे उत्तर अजून बाकी आहे. अशा वेळी मोठ्या महोत्सवाला नम्रपणे, चार ओळींत कळवावे की अमुक ठिकाणाहून निमंत्रण आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आपला विचार काय आहे ते त्याआधी समजल्यास उपकार होतील. हे पत्र पाठवण्याचा आपल्याकडे संकोच वाटतो, पण त्या जगात तो नित्याचा व्यवहार आहे. त्या पत्रामुळे खाली पडलेला चित्रपट कधी कधी वर येतो आणि निदान स्पष्ट नकार तरी लवकर मिळतो. अर्थात निमंत्रण खरोखर हाती असेल तरच हे लिहावे, कारण प्रोग्रॅमर एकमेकांना ओळखतात.

पहिली चाळणी

२०२५च्या सनडान्ससाठी जगभरातून चार हजारांहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट आले होते आणि निवडले गेले शंभराहून कमी. त्यांतच रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ होता आणि त्याने जागतिक कथापट विभागातील ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवले. इतके चित्रपट मुख्य प्रोग्रॅमर स्वतः पाहूच शकत नाहीत. त्यासाठी पूर्वपाहणी करणाऱ्यांची फळी असते. त्यांतले अनेक जण अल्प मानधनावर किंवा हौसेने काम करतात, दिवसाकाठी दोन-तीन चित्रपट पाहतात आणि प्रत्येकावर गुण आणि एक परिच्छेद लिहितात. त्या परिच्छेदावर चित्रपट वर जायचा की नाही, हे ठरते. वर गेलेल्या चित्रपटांवर मग प्रोग्रॅमरांची बैठक बसते आणि तिथे गुणवत्तेखेरीज इतर हिशेबही असतात: त्याच देशाचे दोन चित्रपट आधीच घेतले आहेत का, त्याच विषयावरचा दुसरा आहे का, शेवटच्या मोकळ्या जागेत अडीच तासांचा चित्रपट बसतो का. म्हणून नकाराचा अर्थ ‘चित्रपट वाईट’ असा लावू नये. नकाराची कारणे विचारू नयेत, ती कोणी सांगत नाही.

पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर काही गोष्टी फार लवकर कळतात. सुरुवातीची चार मिनिटे ड्रोनने टिपलेला डोंगर आणि त्यावर निर्मात्यांच्या आभारांची यादी असेल, तर पाहणारा तेवढा वेळ चहा करतो. चित्रपट पहिल्या पंधरा मिनिटांत आपली भाषा बोलू लागला पाहिजे. वेगवान असावा असे मी म्हणत नाही. संथ चित्रपटही पहिल्या दृश्यात सांगतो की मी असा आहे, जमत असेल तर बस.

काय काय पाठवायचे

बर्लिन, कान्स आणि व्हेनिस आपापल्या संकेतस्थळांवरून प्रवेशिका घेतात. बाकीचे शेकडो महोत्सव प्रवेशिका घेणारे फिल्मफ्रीवे हे सामाईक संकेतस्थळ वापरतात. शुल्क तारखेप्रमाणे चढत जाते, त्यामुळे पहिल्या मुदतीत अर्ज करणे खिशाला बरे पडते आणि तेव्हा निवडीच्या जागाही रिकाम्या असतात. शुल्कमाफीची विनंती करता येते. पत्र थोडक्यात आणि त्या महोत्सवाबद्दल काही ठाऊक असल्याचे दाखवणारे असावे. शंभर महोत्सवांना एकच पत्र पाठवले, की ते वाचणाऱ्याला लगेच कळते.

चित्रपटाची लिंक पासवर्डसह, मुदत न संपणारी आणि डाउनलोडची मुभा असणारी ठेवावी. व्हिमिओसारख्या सेवेत तीच लिंक ठेवून आतील फाइल बदलता येते, हे फार उपयोगी पडते. लिंक कोणत्या देशात किती वेळा पाहिली गेली, याचे आकडे मात्र रोज तपासत बसू नये. पाहणारा भलत्याच देशात राहत असतो किंवा फाइल उतरवून घेऊन पाहतो, त्यामुळे त्या आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष बहुधा चुकतात आणि झोप मात्र जाते.

इंग्रजी सबटायटल हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. परदेशी पाहणाऱ्यासाठी ती तळाची ओळ म्हणजेच संवाद. एका वेळी दोनपेक्षा अधिक ओळी नसाव्यात, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरांच्या आत मजकूर असावा, आणि दृश्य बदलले तरी जुनी ओळ रेंगाळू नये. तांत्रिक खोडी फ्रेमच्या वेगात असते: संकलन सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर आणि अंतिम प्रत २४ वर केली, तर नव्वद मिनिटांच्या चित्रपटाच्या अखेरीस सबटायटल आणि आवाज यांत पाच सेकंदांहून अधिक अंतर पडते. पहिली दहा मिनिटे तपासून समाधान मानणाऱ्याला हे दिसतच नाही, कारण सुरुवातीला फरक डोळ्याला जाणवण्याइतका नसतो. शेवटचे दृश्य पाहावे. आणि मराठी मुळीच न येणाऱ्या माणसाला आवाज बंद करून अर्धा तास चित्रपट दाखवावा. तो कुठे कपाळाला आठ्या घालतो तिथे भाषांतर पुन्हा करावे.

याखेरीज एक ओळ, एक परिच्छेद आणि एक पान अशा तीन लांबींत कथासार लागते. चित्रीकरणाच्या वेळी स्वतंत्र छायाचित्रकाराने काढलेली सहा-सात चांगली स्थिरचित्रे लागतात. चित्रपटातून उचललेली फ्रेम छपाईत मार खाते, आणि महोत्सवाच्या पुस्तिकेपासून वृत्तपत्रापर्यंत पुढची दोन वर्षे हीच चित्रे फिरणार असतात, म्हणून खर्चाच्या यादीत या छायाचित्रकाराचे नाव पहिल्या दिवसापासून असावे.

होकार आल्यानंतर

निवडीचे पत्र जाहीर घोषणेच्या काही आठवडे आधी येते आणि त्यात गुप्ततेची अट असते. ती पाळावी. फेसबुकवर आनंद व्यक्त करण्याच्या घाईत महोत्सवाची घोषणा फोडली, तर निवड रद्द होणार नाही कदाचित, पण ज्या प्रसिद्धी विभागाकडून पुढे मदत हवी असते तोच नाराज होतो. या गुप्त आठवड्यांचा उपयोग विक्री प्रतिनिधी शोधण्यासाठी करावा. परदेशी व्यापारपत्रांत, म्हणजे व्हरायटी, स्क्रीन किंवा डेडलाइनमध्ये, चित्रपटाची पहिली झलक अनेकदा महोत्सवाच्या तोंडावर ‘फक्त आमच्याकडे’ म्हणून येते. ती ठरवून दिलेली असते. प्रतिनिधी आणि पत्रकार यांच्यात आधी बोलणे झालेले असते. ज्याच्याकडे प्रतिनिधी नाही, त्यानेही झलक सर्वांना एकदम न पाठवता एका पत्राला आधी विचारावे.

महोत्सवातील ‘प्रिंट ट्रॅफिक’ विभाग, म्हणजे चित्रपटांच्या प्रतींची ने-आण पाहणारा, या काळात तुमचा खरा सोबती असतो. रिळे गेली तरी नाव टिकले. त्यांना डीसीपी हवा असतो, म्हणजे चित्रपटगृहातील सर्व्हरवर चढवायची डिजिटल प्रत. तिचे चित्रमान ठरावीक असते: २के फ्लॅटसाठी १९९८ बाय १०८० आणि स्कोपसाठी २०४८ बाय ८५८. प्रत शक्यतो २४ फ्रेमची आणि कुलूपबंद न केलेली असावी. कुलूपबंद प्रतीला प्रत्येक सर्व्हरसाठी ठरावीक वेळेपुरती चालणारी किल्ली लागते; ऐनवेळी पडदा बदलला की जुनी किल्ली चालत नाही आणि रात्री अकरा वाजता भारतातील प्रयोगशाळेला कोणी फोन उचलत नाही. चोरीची भीती समजण्यासारखी आहे, परंतु लहान चित्रपटाला चोरीपेक्षा रद्द झालेला खेळ अधिक महागात पडतो. डीसीपी संगणकावर पाहून समाधान मानू नये. पुण्या-मुंबईतील एखाद्या चित्रपटगृहात सकाळचा तास भाड्याने घेऊन तो पडद्यावर पूर्ण पाहावा, विशेषतः आवाजाचे सर्व मार्ग नीट वाजतात का ते ऐकावे. इंग्रजी न बोलणाऱ्या देशातील महोत्सव स्थानिक भाषेतील सबटायटल वेगळी करतात, त्यासाठी वेळ नोंदवलेली संवादयादी आधीच तयार ठेवावी.

भारतातील महोत्सवासाठी आणखी एक पायरी असते. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवायचा, तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते. अर्ज आयोजक करतात, पण त्यासाठी कथासार आणि तपशील निर्मात्याने वेळेत द्यायचा असतो. ही सूट न मिळाल्याने शेवटच्या क्षणी खेळ रद्द झाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे विषय नाजूक असेल तर आयोजकांशी आधीच मोकळेपणाने बोलावे.

महोत्सवाचे दिवस

प्रेक्षकांच्या खेळाइतकाच पत्रकार आणि व्यावसायिकांसाठीचा खेळ महत्त्वाचा असतो, आणि तो रिकामा दिसला तर खचून जाऊ नये. खरेदीदार वीस मिनिटे पाहून उठतो, पुढच्या पडद्यावर जातो आणि आवडल्यास रात्री लिंक मागतो. प्रश्नोत्तरांसाठी तीन-चार उत्तरे मनाशी तयार असावीत. ‘ही कल्पना कशी सुचली’ हा प्रश्न हमखास येतो. दिग्दर्शकाला इंग्रजीत बोलणे जड जात असेल, तर बिनदिक्कत मराठीत बोलावे आणि दुभाष्या मागावा. मोडक्या इंग्रजीतील तीन वाक्यांपेक्षा नीट भाषांतरित झालेले मराठी उत्तर सभागृहाला अधिक भिडते.

खेळानंतर किती मिनिटे उभे राहून टाळ्या वाजल्या, या बातम्यांकडे मात्र दुर्लक्ष करावे. कान्स आणि व्हेनिसमध्ये खेळ संपल्यावर कॅमेरा दिग्दर्शक आणि कलाकारांवर रोखलेला असतो आणि तो हलेपर्यंत कोणी खाली बसत नाही. व्यापारपत्रांतील परीक्षण, विशेषतः त्यातील एखादे वाक्य, पुढे पोस्टरवर आणि वितरकाच्या पत्रात उपयोगी पडते. टाळ्यांची मिनिटे उपयोगी पडत नाहीत. मराठी वृत्तपत्रांसाठीचे प्रसिद्धिपत्रक स्वतः लिहावे आणि त्यात महोत्सवाचे नाव, विभाग, प्रीमियरची पायरी आणि तारीख हे चारही तपशील पहिल्या परिच्छेदात द्यावेत. ते तिथे नसले की उपसंपादक ‘अटकेपार झेंडा’ असा मथळा लावून मोकळा होतो.

पैसे आणि पारितोषिके

पहिल्या खेळासाठी महोत्सव सहसा पैसे देत नाही. दिग्दर्शकाचा प्रवास आणि तीन-चार रात्रींचे राहणे देतो. पुढच्या महोत्सवांकडे मात्र प्रदर्शन शुल्क मागता येते आणि मागावे. काही शे युरोंची ही रक्कम किरकोळ वाटते, पण वर्षभरात पंधरा-वीस महोत्सव झाले तर तिच्यातून डीसीपीचा आणि सबटायटलचा खर्च निघतो. न मागणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही.

दुसऱ्या टोकाला पारितोषिकांचे दुकान मांडलेले महोत्सव आहेत. दर महिन्याला निकाल, पन्नासेक वर्गवाऱ्या, प्रत्यक्ष खेळाचा पत्ता नाही, आणि चषक हवा असल्यास वेगळे शुल्क, ही त्यांची ओळख. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर नोंद आहे किंवा शहराचे नाव मोठे आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. गेल्या वर्षीच्या खेळांची वेळापत्रके, सभागृहाचे नाव आणि तिथे जाऊन आलेला एखादा दिग्दर्शक, ही तीन चौकशी पुरेशी आहे. पोस्टरवर महोत्सवांतील निवडीची खूण असलेल्या लॉरेलच्या पानांची रांग लावणाऱ्या लघुपटांकडे प्रोग्रॅमर संशयाने पाहतात, हे या दुकानांच्या गिऱ्हाइकांना सहसा उशिरा कळते.

मायदेशी परतताना

परदेशातील प्रीमियरनंतर मायदेशातील खेळांचाही क्रम लावावा. इफ्फीचा इंडियन पॅनोरमा हा भारतीय चित्रपटांचा विभाग, केरळ महोत्सवाची स्पर्धा आणि पिफमधील मराठी चित्रपटांची स्पर्धा, जिथे राज्य शासनाचे ‘संत तुकाराम’ पारितोषिक दिले जाते, या तिन्हींच्या पात्रतेचे नियम वेगळे आहेत आणि ते दरवर्षी नव्याने वाचावे लागतात. तिरुवनंतपुरमचा प्रेक्षक एकदा तरी अनुभवावा. सकाळी नऊच्या खेळाला रांग लावणारी तरुण मुले आपल्याकडे विरळाच.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी त्या कॅलेंडर वर्षातील सेन्सॉर प्रमाणपत्र आवश्यक असते. केवळ महोत्सवांत फिरलेला चित्रपट तिथे पात्र होत नाही, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्रासाठी धावपळ करणारे निर्माते दरवर्षी दिसतात. प्रमाणपत्राची तारीख आणि प्रदर्शनाची तारीख यांची सांगड आधीच घालावी. ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४मध्ये व्हेनिसला दिसला आणि एप्रिल २०१५मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला २०२३मध्ये टोरांटोत आशियाई चित्रपटांसाठीचे नेटपॅक पारितोषिक मिळाले, परंतु तो आपल्याकडे लागायला २०२५चा मार्च उजाडला. हा मधला काळ सात महिन्यांचा असो वा दीड वर्षाचा, त्या काळात कर्जाचे व्याज चालू असते आणि कलाकारांना उत्तरे द्यावी लागतात, म्हणून निर्मितीच्या अंदाजपत्रकातच त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि वितरकाशी बोलणी परदेशातील खेळाच्या आठवड्यातच सुरू करावीत.